घरावरची निळी पाटी काय सांगते आणि तिच्यामुळे काय होत नाही

लंडनच्या मेडा व्हेल भागात हाउली प्लेस नावाचा एक शांत रस्ता आहे. तिथल्या १० क्रमांकाच्या घराच्या भिंतीवर एक गोल निळी पाटी बसवलेली आहे. लोकमान्य टिळक, १८५६-१९२०, भारतीय देशभक्त आणि तत्त्वज्ञ, १९१८-१९१९ या काळात इथे राहत होते, एवढाच तिच्यावरचा मजकूर. ब्रिटिश पत्रकार व्हॅलेंटाइन चिरोलवर भरलेल्या अब्रुनुकसानीच्या खटल्यासाठी टिळक विलायतेला गेले होते, तो खटला ते हरले, यातलं काहीही पाटीवर नाही. ही पाटी १९६१ साली लागली.

आपल्याकडची मंडळी लंडनला गेली की या पाटीखाली फोटो काढतात. त्यानंतर जे प्रश्न विचारले जातात ते बहुतेक तीनच असतात. हे घर आता सरकारने घेतलंय का? आत जाऊन बघता येतं का? म्हणजे आता घर पाडण्यापासून वाचलं का? पाटीपुरतं बोलायचं तर तिन्हींचं उत्तर 'नाही' असंच आहे. पाटी लागल्याने घराची मालकी बदलत नाही, दार उघडत नाही आणि कायद्याचं कवचही मिळत नाही. मग ती लावण्यासाठी लोक दोन-दोन, तीन-तीन वर्षं खटपट का करतात? हे कळण्यासाठी लंडनची ही योजना जरा उलगडून पाहायला हवी. जगात आज घरांवर अशा पाट्या लावण्याची जी पद्धत दिसते, तिच्यातली सर्वांत जुन्यांपैकी ही एक आहे.

सुरुवात अशी झाली. १८६३ साली विल्यम युअर्ट नावाच्या खासदाराने ब्रिटिश संसदेत सूचना मांडली की थोर माणसं ज्या घरांत राहिली त्या घरांवर तशी नोंद असावी. सरकारने अंग काढून घेतलं. पण सोसायटी ऑफ आर्ट्स या संस्थेने १८६६ साली कल्पना उचलली आणि १८६७ साली पहिली पाटी लागली, कवी लॉर्ड बायरनच्या जन्मघरावर, हॉलेस स्ट्रीटला. ते घर १८८९ साली पाडलं गेलं आणि पाटीही त्याच्यासोबत गेली. थोडक्यात, 'पाटी घराला वाचवत नाही' हा धडा योजनेला पहिल्याच पाटीने दिला. आज टिकून असलेली सर्वांत जुनी पाटी त्याच वर्षीची आहे. ती फ्रान्सचा सम्राट तिसरा नेपोलियन याच्या नावाने किंग स्ट्रीटवर आहे. गंमत म्हणजे ती लागली तेव्हा तो जिवंत होता आणि गादीवरही होता. या योजनेत असा मान दुसऱ्या कुणाला मिळाला नाही.

सोसायटी ऑफ आर्ट्सने पहिल्या पस्तीस वर्षांत पस्तीसच पाट्या लावल्या. त्यातल्या निम्म्याही आज उरलेल्या नाहीत. १९०१ मध्ये काम लंडन काउंटी कौन्सिलकडे (एलसीसी) आलं. या कौन्सिलची पहिली पाटी १९०३ साली लागली ती मेकॉलेच्या घरावर. हो, तोच, ज्याच्या नावाने आपल्याकडे शिक्षणपद्धतीवरच्या प्रत्येक वादात बोटं मोडली जातात. पुढे १९६५ मध्ये ग्रेटर लंडन कौन्सिल (जीएलसी) आणि १९८६ मध्ये इंग्लिश हेरिटेज ही वारसा जपणारी संस्था, असा योजनेचा हात बदलत गेला. २०१३ मध्ये सरकारी पैसा आटला तेव्हा नवी नावं घेणं थांबवावं लागलं. देणग्या गोळा झाल्या तेव्हा कुठे पुढच्या वर्षी ते पुन्हा सुरू झालं. २०१५ पासून इंग्लिश हेरिटेज ही धर्मादाय संस्था आहे. २०२३ मध्ये या योजनेची हजारावी पाटी लागली. दीडशेहून जास्त वर्षांत हजार, म्हणजे वर्षाला सरासरी सहा-सातच. हल्ली वर्षाला डझनभर लागतात.

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो, कारण गोंधळ इथेच होतो. लंडनमधली प्रत्येक निळी पाटी या योजनेतली नसते. निळा गोल रंगवून भिंतीवर ठोकायला कुणाची बंदी नाही. वेगवेगळ्या भागांच्या नगरपालिका, स्थानिक मंडळं, हौशी संस्था, अगदी दुकानदारही पाट्या लावतात. वेस्टमिन्स्टरच्या पाट्या हिरव्या असतात. बेकर स्ट्रीटवर शेरलॉक होम्सच्या नावाची पाटी आहे, पण मुळात होम्स हा माणूसच नव्हता. त्यामुळे अधिकृत योजनेत त्याला जागा नाही. पाटीवर 'इंग्लिश हेरिटेज', 'एलसीसी' किंवा 'जीएलसी' असं लिहिलेलं असेल तर ती या परंपरेतली. बाकीच्या खोट्या असतात असं अजिबात नाही. फक्त त्यांच्यामागे तपास किती झाला, ते प्रत्येकाचं वेगळं.

नाव कुणीही सुचवावं, पण…

नाव सुचवायला इतिहासकार असावं लागत नाही. लंडनमध्ये राहावंही लागत नाही. अर्ज कुणीही करू शकतो. अटी मात्र चोख आहेत.

माणूस वारून किमान वीस वर्षं झालेली असावीत. नुकत्याच गेलेल्या माणसाबद्दल लोक भावनेच्या भरात असतात. वीस वर्षांनीही त्याचं काम आठवावंसं वाटतं का, हे पाहायचं. ज्या इमारतीवर पाटी लागायची ती उभी असली पाहिजे आणि त्या माणसाला आज दाखवली तर त्याने ओळखावी, इतपत मूळ रूपात असली पाहिजे. त्याच जागेवरची नवी इमारत चालत नाही. पाटी रस्त्यावरून दिसली पाहिजे. एका माणसाला एकच पाटी. हा नियम पूर्वी इतका कडक नव्हता, म्हणून गांधीजींच्या दोन पाट्या सापडतात. एक बॅरन्स कोर्ट रोडवर, जिथे ते वकिलीचे विद्यार्थी म्हणून राहिले, आणि दुसरी पूर्व लंडनमधल्या किंग्जली हॉलवर, जिथे ते १९३१ च्या गोलमेज परिषदेच्या वेळी मुद्दाम गरीब वस्तीत उतरले होते. नाव एकदा नाकारलं गेलं तर पुढची दहा वर्षं ते पुन्हा पुढे करता येत नाही. आणि घरमालक नाही म्हणाला तर सगळं तिथेच थांबतं. त्याच्यावर सक्ती नाही. खर्च मात्र त्याला काही पडत नाही.

या सगळ्यात 'तो इथे राहत होता' याचा अर्थ फार मोकळा ठेवलेला आहे, आणि मला योजनेतली ही सर्वांत शहाणपणाची गोष्ट वाटते. घर त्याच्या मालकीचं असण्याची गरज नाही. भाड्याची खोली चालते, कुणाच्या घरी पोटभाडेकरू म्हणून काढलेलं वर्ष चालतं. बघायचं एवढंच की तो तिथे किती काळ राहिला आणि त्या काळात त्याच्या हातून काय घडलं. ब्रुक स्ट्रीटवर दोन घरं एकमेकांना खेटून आहेत. एका घरात संगीतकार हॅन्डेल १७२३ पासून १७५९ मध्ये मरेपर्यंत राहिला. शेजारच्या घराच्या वरच्या मजल्यावर गिटारवादक जिमी हेन्ड्रिक्स १९६८-६९ मध्ये थोडाच काळ राहिला. पाट्या दोघांच्याही आहेत.

दादाभाई नौरोजींचं उदाहरण याच नियमाने समजतं. १८९२ मध्ये ते फिन्सबरी सेंट्रलमधून ब्रिटिश संसदेवर निवडून आले. त्यामुळे पाटी फिन्सबरीत असायला हवी, असं आपल्याला वाटतं. तिथे त्यांच्या नावाचा रस्ता आहे. पण इंग्लिश हेरिटेजची पाटी २०२२ साली लागली ती दक्षिणेकडे, पेंज भागातल्या ७२ अॅनर्ली पार्क या घरावर. विसाव्या शतकाच्या तोंडावर ते काही वर्षं इथे राहिले आणि भारतातली संपत्ती कशी बाहेर वाहून नेली जाते हे आकडेवारीनिशी मांडणारं त्यांचं पुस्तक १९०१ मध्ये, याच मुक्कामात प्रसिद्ध झालं. घर टिकलं, काळ महत्त्वाचा निघाला, म्हणून मान पेंजला.

खरी मेहनत: घर शोधणं

माणूस थोर होता हे ठरवणं त्या मानाने सोपं. तो नेमका याच घरात राहिला हे सिद्ध करणं हे खरं जिकिरीचं काम, आणि योजनेचा बराचसा वेळ त्यातच जातो.

अडचणी कसल्या येतात? पहिली म्हणजे घरांचे क्रमांक बदलतात. एकोणिसाव्या शतकात लंडन भराभर वाढलं, रस्ते एकमेकांना जोडले गेले, नावं बदलली आणि क्रमांक नव्याने पडले. पत्रावर '१२ क्रमांक' लिहिलेलं असतं, पण त्या वेळचा १२ आज ४७ असू शकतो. दुसरी अडचण म्हणजे माणसं स्वतःच पत्ते मोघम लिहितात. तिसरी, चरित्रकार एकमेकांचे पत्ते उतरवून घेतात, आणि पहिल्याने चूक केली असेल तर ती पाच चरित्रांत छापली जाते. म्हणून योजनेचे अभ्यासक चरित्रांवर विसंबत नाहीत. टपाल खात्याच्या जुन्या पत्तेपुस्तिका, मतदार याद्या, जनगणनेची कागदपत्रं, घरपट्टीच्या वह्या, जुने नकाशे आणि पत्रांचे मूळ कागद समोर ठेवून ते साल आणि घर जुळवतात. आपल्याकडे वारसाहक्काच्या दाव्यात प्रॉपर्टी कार्ड, सिटी सर्व्हेचा उतारा आणि जुन्या पावत्या जुळवणारा वकील जे करतो तेच हे काम, फक्त इथे मिळकत कुणाच्या नावावर चढत नाही.

या शोधाची एक गोष्ट मला फार आवडते. चित्रकार व्हॅन गॉग विशीच्या उंबरठ्यावर असताना लंडनमध्ये एका चित्रविक्रेत्या पेढीत नोकरी करत होता. १८७३-७४ मध्ये तो लॉयर नावाच्या बाईंच्या घरी भाड्याने राहत होता आणि तिच्या मुलीवर त्याचं मन जडलं होतं, हे माहीत होतं. घर कोणतं ते पक्कं नव्हतं. १९७१ मध्ये ब्रिटनमध्ये टपाल कर्मचाऱ्यांचा संप झाला. चित्रकलेची आवड असलेल्या एका पोस्टमनला त्यामुळे रिकामा वेळ मिळाला. रोज लोकांचे पत्ते शोधणाऱ्या या माणसाने तो वेळ सरकारी नोंदी चाळण्यात घालवला आणि स्टॉकवेलमधल्या ८७ हॅकफर्ड रोड या घरावर बोट ठेवलं. पुढे त्या कुटुंबाच्या वंशजांकडे त्या घराचं एक छोटं रेखाचित्रही मिळालं, खुद्द व्हॅन गॉगच्या हातचं. १९७३ मध्ये पाटी लागली.

अर्थात असं घर दर वेळी मिळतंच असं नाही. कधी माणूस सापडतो, पत्ता सापडतो आणि जाऊन बघावं तर तिथे युद्धानंतर बांधलेली फ्लॅटची इमारत उभी असते. दुसऱ्या महायुद्धातल्या बॉम्बहल्ल्यांनी लंडनची कितीतरी घरं नेली. असं नाव मग मागे पडतं. अर्जांपैकी बरेच असेच गळतात.

चार ओळींत मावेल तेवढं

पाटीचा व्यास ४९५ मिलिमीटर, म्हणजे साडेएकोणीस इंचांच्या आसपास. जाडी दोन इंच. ती पत्र्याची नसते, भाजलेल्या मातीची असते. साच्यात ओतलेली, हाताने उठवलेली पांढरी अक्षरं, वर चकाकी, मग भट्टी. ती किंचित फुगीर ठेवलेली असते, त्यामुळे पाऊस पडला की धूळ आपोआप धुऊन जाते. भिंतीत खाच करून ती सपाट बसवतात, खिळ्याला टांगत नाहीत. निळा रंग सुरुवातीला होता, मग तो महाग पडतो म्हणून पाट्या बराच काळ चॉकलेटी झाल्या, नंतर निळा परत आला. आज आपण ओळखतो ती साधी मांडणी १९३८ साली सेंट्रल स्कूल ऑफ आर्ट्स अँड क्राफ्ट्सच्या एका विद्यार्थ्याने केली. त्याला चार गिनी मिळाल्या. त्याचं नाव कुठेही नोंदवलेलं नाही. नावं कोरण्याच्या योजनेत!

एवढ्या गोलात नाव, जन्म-मृत्यूची सालं, दोन-चार शब्दांत ओळख आणि राहण्याचा काळ, इतकंच बसतं. गोम त्या दोन-चार शब्दांत असते. हायगेटमधल्या ६५ क्रॉमवेल अॅव्हेन्यू या घरावर विनायक दामोदर सावरकरांची पाटी आहे, १९८५ ची. श्यामजी कृष्णवर्मांनी १९०५ मध्ये सुरू केलेलं 'इंडिया हाउस' ते हेच. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ब्रिटिश गुप्तहेरांचा पहारा असलेलं हे घर. पाटीवर मात्र इंडिया हाउसचा उल्लेख नाही, क्रांतीचा नाही. सावरकरांची ओळख तिथे काय आहे? 'भारतीय देशभक्त आणि तत्त्वज्ञ'. टिळकांच्या पाटीवर चोवीस वर्षं आधी जे शब्द होते, तेच. कार्यालयातल्या कुणीतरी जुनी फाइल उघडून तीच ओळ पुन्हा वापरली असावी, असं वाटल्यावाचून राहत नाही. टिळक आणि सावरकर यांच्या विचारांवर मराठीत जेवढी पानं खर्ची पडली आहेत ती पाहता ही काटकसर जरा जास्तच झाली.

पण याला दुसरी बाजू आहे. पाटीवर मत छापायला लागलं की ती दर वीस वर्षांनी बदलावी लागेल. कार्ल मार्क्सचं बघा. १९३५ साली मेटलंड पार्क रोडवर त्याची पाटी लागली. तिची तोडफोड झाली, पुन्हा लावली, पुन्हा तेच. अखेर मार्क्सला १९६७ मध्ये सोहोतल्या डीन स्ट्रीटवरच्या दुसऱ्या घराची पाटी मिळाली. ती आहे तिथे आहे. तिच्यावर त्याच्या विचारांबद्दल बरंवाईट काही नाही, फक्त नाव, सालं आणि 'इथे राहत होता'.

कुणाची नावं लागतात, हा वाद तर चालूच असतो. २०१८ मध्ये लंडनच्या या पाट्यांपैकी स्त्रियांच्या पाट्या होत्या १४ टक्के. त्यातही अडचण अशी की येणाऱ्या सूचनांतच स्त्रियांची नावं कमी असतात. जुन्या काळी घर नवऱ्याच्या नावावर, घरपट्टी त्याच्या नावावर, पत्तेपुस्तिकेत नाव त्याचं. तेव्हा बाई तिथे राहत होती हे कागदावर दाखवणंही अवघड जातं. २०२० मध्ये ब्लूम्सबरीतल्या टॅव्हिटन स्ट्रीटवर नूर इनायत खान यांची पाटी लागली. दुसऱ्या महायुद्धात फ्रान्समध्ये बिनतारी संदेश पाठवणाऱ्या, पकडल्या गेल्यावर छळछावणीत मारल्या गेलेल्या नूर या मान मिळालेल्या भारतीय वंशाच्या पहिल्या स्त्री.

पाटी वेगळी, संरक्षण वेगळं

आता मूळ गोंधळाकडे. इंग्लंडमध्ये इमारती जपण्यासाठी वेगळी यादी आहे. महायुद्धानंतर, १९४७ च्या नगररचना कायद्याने तिला बळ आलं. आज तिच्यात सुमारे चार लाख नोंदी आहेत आणि तीन श्रेणी आहेत. यादीतल्या इमारतीत परवानगीशिवाय फेरफार केला तर तो फौजदारी गुन्हा ठरतो. खिडक्या बदलायच्या, भिंत पाडायची, सगळ्याला परवानगी. यादीतल्या घरावर निळी पाटी लावायची तर तिलासुद्धा परवानगी घ्यावी लागते.

यादीत इमारत येते ती मुख्यतः तिच्या वास्तूमुळे किंवा इतिहासामुळे. पाटी येते माणसामुळे. एखादं अगदी सामान्य, एकासारखं एक असलेल्या ओळीतलं विटांचं घर पाटीला पात्र ठरतं, पण यादीत नसतं. आणि यादीतल्या भव्य वाड्यात कुणी नाव घेण्यासारखं राहिलेलंच नसतं. दोन्ही गोष्टी एकाच घराच्या वाट्याला येऊ शकतात, पण एकीमुळे दुसरी मिळत नाही. पाटीमुळे होतं ते इतकंच की शेजाऱ्यांना, नगरपालिकेला आणि पुढच्या खरेदीदाराला घराची माहिती आधीपासून असते, आणि पाडायचं म्हटलं तर कुणीतरी आवाज करतं. अमेरिकेतही असंच कोडं आहे. तिथे ऐतिहासिक वास्तूंच्या राष्ट्रीय नोंदवहीत घर गेलं तरी सरकार पाटी देत नाही, ती मालकाने विकत आणायची. शिवाय नोंद झाली तरी मालकाने स्वतःच्या पैशाने ते घर पाडायचं ठरवलं तर ती नोंद त्याला अडवत नाही. अडवलं तर स्थानिक शहराचा नियम अडवतो.

महाराष्ट्राला या फरकाचा अनुभव लंडनमध्येच आला. प्रिमरोझ हिलजवळच्या १० किंग हेन्रीज रोड या घरात डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९२१-२२ मध्ये राहत होते. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समधला अभ्यास आणि ग्रेज इनमधली बॅरिस्टरीची तयारी चालू असतानाचा हा काळ. सामाजिक न्यायासाठी लढलेले भारतीय, अशी त्यांची ओळख सांगणारी निळी पाटी त्या घरावर आहे. २०१५ मध्ये महाराष्ट्र सरकारने हे घर तीस लाख पौंडांच्या आसपास किंमत मोजून विकत घेतलं आणि नोव्हेंबरमध्ये पंतप्रधानांच्या हस्ते स्मारकाचं उद्घाटन झालं. पण घर ज्या कॅम्डन नगरपालिकेच्या हद्दीत येतं तिच्या नियमांप्रमाणे ते राहण्याचं घर होतं. त्याचं संग्रहालय करायचं तर वापर बदलण्याची परवानगी लागते. काही शेजाऱ्यांनी वर्दळीची तक्रार केली, २०१८ मध्ये नगरपालिकेने परवानगी नाकारली, चौकशी बसली, वकील उभे राहिले. मार्च २०२० मध्ये ब्रिटिश सरकारच्या मंत्र्याने अपील मान्य केलं तेव्हा संग्रहालय कायदेशीर झालं. पाटी होती, मालकी सरकारची होती, उद्घाटनही झालं होतं, तरी परवानगी ही चौथी आणि स्वतंत्र गोष्ट निघाली.

मुंबईत वारसा वास्तूंची नियमावली १९९५ साली आली, देशात पहिलीच. श्रेणी एक, दोन-अ, दोन-ब आणि तीन, अशी वर्गवारी. वरच्या श्रेणीत जवळजवळ काहीच बदलता येत नाही, खाली येत जावं तशी मोकळीक वाढते. इथेही पाटी आणि श्रेणी यांचा संबंध नाही. परळच्या बीआयटी चाळीतल्या खोलीत बाबासाहेबांनी उमेदीची कितीतरी वर्षं काढली. लंडनच्या कसोटीने पाहिलं तर ती खोली पाटीसाठी किंग हेन्रीज रोडच्या घरापेक्षाही सरस ठरावी. चाळीच्या इमारतीला वास्तुकलेचे गुण द्यायला बसलं तर मात्र ती मागे पडेल.

पुण्याची तऱ्हा आणखी निराळी. जुन्या पेठांमधून चालताना महापालिकेच्या निळ्या पाट्या दिसतात, अमुक इथे राहत होते असं सांगणाऱ्या. कित्येक ठिकाणी मूळ वाडा कधीच गेलेला आहे आणि पाटी आहे ती चार-पाच मजली इमारतीच्या फाटकाशी. लंडनचा नियम लावला तर या पाट्या बाद होतील. मला तो नियम पुण्याला लावावासा वाटत नाही. वाडे गेलेच आहेत. निदान जागा कोणती ते तरी कळू द्या. अट एकच, पाटीवर 'याच वाड्यात' असं न लिहिता 'या जागी असलेल्या वाड्यात' असं लिहावं. एवढा प्रामाणिकपणा बऱ्याच पाट्यांना परवडण्यासारखा आहे. त्याच शहरात जोतीराव फुल्यांचा गंज पेठेतला वाडा राज्य संरक्षित स्मारक आहे. आणि सावित्रीबाई-जोतीरावांनी १८४८ मध्ये मुलींची शाळा सुरू केली तो भिडे वाडा वर्षानुवर्षांच्या कोर्टकज्ज्यानंतर डिसेंबर २०२३ मध्ये स्मारक बांधण्यासाठी पाडला गेला. स्मारक होईल, फलक लागेल, वास्तू मात्र नसेल.

थोर माणसांचीच घरं का, असा प्रश्न कुणाला पडेल. जर्मनीत गुंटर डेमनिग या कलाकाराने त्याचं वेगळंच उत्तर दिलं. नाझींनी उचलून नेलेल्या साध्या माणसांच्या अखेरच्या घरासमोर, फूटपाथमध्ये, दहा सेंटीमीटरचा पितळी पत्रा असलेला दगड बसवायचा. 'इथे राहत होता' या शब्दांनी मजकूर सुरू होतो, पुढे नाव, जन्मसाल आणि शेवट कुठे झाला ते. युरोपभर असे एक लाखाहून जास्त दगड झाले आहेत. म्युनिक शहराने मात्र सार्वजनिक रस्त्यावर त्यांना परवानगी दिली नाही. आक्षेप असा की ज्यांना तुडवलं त्यांची नावं पुन्हा पायाखाली येतात. आपल्या लोकांना हा आक्षेप समजावून सांगावा लागणार नाही.

लंडनबाहेरच्या इंग्लंडसाठी आता हिस्टॉरिक इंग्लंड या सरकारी संस्थेची वेगळी योजना आहे. २०२४ मध्ये तिच्या पहिल्या पाट्या लागल्या. त्यातली एक लिव्हरपूलमध्ये बीटल्सच्या जॉर्ज हॅरिसनच्या जन्मघरावर आहे. म्हणजे लंडनबाहेरच्या इंग्लंडमधल्या घरांनाही पाटीची वाट मोकळी झाली.

आणि नाव सुचवायचंच असेल तर मला एक सुचतं: रंगो बापूजी गुप्ते. साताऱ्याचे छत्रपती प्रतापसिंह यांना कंपनी सरकारने १८३९ मध्ये गादीवरून दूर केलं, तेव्हा त्यांची बाजू मांडायला हे वकील म्हणून लंडनला गेले आणि १८५३ पर्यंत, जवळपास चौदा वर्षं, कंपनीच्या संचालकांपुढे अर्ज-विनंत्या करत तिथेच राहिले. एवढ्यात मूळ धनी वारले, सातारा १८४८ मध्ये खालसा झालं, तरी ते लढतच होते. टिळकांपेक्षा आणि सावरकरांपेक्षा कितीतरी जास्त काळ त्यांनी लंडनमध्ये काढला. शोधणाऱ्याने सुरुवात कुठून करावी? त्यांच्या अर्जांवर आणि पत्रांवर घातलेल्या पत्त्यांपासून. मग त्या सालांच्या घरपट्टीच्या वह्या, मग क्रमांक बदलल्याचे नकाशे, आणि शेवटी जाऊन बघायचं की ती इमारत उभी आहे की नाही. त्या काळातली घरं लंडनमध्ये भरपूर टिकून आहेत, त्यामुळे आशा करायला जागा आहे. हे सगळं जमलं तरी पाटीचा मजकूर ठरवताना एक पेच येईलच. १८५७ च्या धामधुमीत रंगो बापूजी जे नाहीसे झाले ते इंग्रजांच्या हाती कधीच लागले नाहीत. जन्मसालानंतरच्या आडव्या रेघेपुढे काय लिहायचं, ते समितीला ठरवावं लागेल.